पुळण धुपतेय, बंधारा घालावा का? आधी वाळू परत येते का ते मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दापोली-गुहागर पट्ट्यात दोन डोंगरांच्या सोंडांमध्ये साधारण ६०० मीटर लांबीची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, आणि तिच्या मागे माडा-पोफळीच्या वाड्या. २०१९ पासून समुद्राच्या बाजूच्या माडांच्या दोन रांगा गेल्या. गावात तीन मतं आहेत: ग्रामपंचायतीला दगडी धूपप्रतिबंधक बंधारा हवा आहे, काहींना सुरूची लागवड हवी आहे, आणि एका कंत्राटदाराने जिओट्यूब, म्हणजे वाळू भरलेल्या जाड कापडाच्या लांब नळ्या, सुचवल्या आहेत. समुद्राची पातळी वाढतच राहणार असेल तर बंधाऱ्यावाचून दुसरा मार्ग उरतो का, असं तुम्ही विचारलं आहे.

दगड, झाडं की ट्यूब हा वाद नंतरचा. त्याआधी दोन गोष्टी ठरायला हव्यात. तुमच्या पुळणीवरची वाळू पावसाळ्यात जाऊन परत येते, की कायमची निघून जाते? आणि गावाला नेमकं काय वाचवायचं आहे, पुळण की मागची जमीन? समुद्र आत येत असताना कडक बंधारा घातला तर जमीन टिकू शकते, पण तिच्यासमोरची पुळण बहुतेक वेळा जाते. हे गावात आधी उघडपणे बोललं गेलं नाही, तर बंधारा झाल्यावर होड्या ओढायला आणि रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं जाळं) लावायला जागा उरत नाही आणि मग भांडणं होतात.

फोटो पाहून मी निदान सांगणार नाही. तुम्ही पाठवलेले चारही फोटो ऑगस्टचे आहेत आणि ऑगस्टमध्ये कोकणातली जवळजवळ प्रत्येक उघडी पुळण खरवडलेलीच दिसते. जून ते सप्टेंबर बाहेरच्या समुद्रात तीन ते पाच मीटरच्या लाटा असतात. त्या पुळणीवरची वाळू ओढून थोड्या खोल पाण्यात नेतात आणि तिथे पाण्याखाली तिचा आडवा बांध तयार होतो. हा बांध फुकटचा लाटरोधकच असतो, कारण मोठ्या लाटा त्याच्यावरच फुटतात. ऑक्टोबरनंतर समुद्र शांत झाला की लांब, सपाट लाटा तीच वाळू हळूहळू वर आणून टाकतात. पावसाळ्यात वाळूची पातळी एक-दीड मीटर खाली जाणं आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत भरून येणं ही निरोगी पुळणीची नेहमीची चाल आहे. ऑगस्टच्या फोटोवर बंधाऱ्याचा प्रस्ताव करणं म्हणजे ही अर्धीच चाल पाहून निर्णय घेणं.

आता समुद्रपातळीचा हिशेब, कारण सगळं तिच्यावर ढकलण्याची पद्धत पडली आहे. उत्तर हिंदी महासागरात १९९३ ते २०१५ या काळात पातळी वर्षाला सरासरी ३.३ मिलिमीटर वाढली. त्या वेगाने सहा वर्षांत सुमारे २ सेंटिमीटर. वाळूच्या किनाऱ्यासाठी ढोबळ नियम असा की पातळी जितकी वाढेल त्याच्या ५० ते १०० पट किनारा मागे सरतो. म्हणजे सहा वर्षांत एक ते दोन मीटर. दोन डोंगरांमधल्या छोट्या पुळणीला हा नियम ओढूनताणूनच लागू होतो, पण अंदाजापुरता चालतो. तुमचे माड साडेसात मीटर अंतरावर असतील तर दोन रांगा म्हणजे १५ मीटर. त्यातले फार तर दोन मीटर पातळीच्या खात्यात जातात. उरलेल्या तेरा मीटरांचं कारण तुमच्या आसपासच शोधावं लागेल, आणि ही तशी बरी बातमी आहे, कारण जवळच्या कारणावर गावाला काहीतरी करता येतं.

पुढचं चित्र मात्र हलकं घेऊ नका. आंतरसरकारी हवामान बदल समितीच्या (आयपीसीसी) सहाव्या अहवालानुसार शतकाअखेर जागतिक पातळी, १९९५ ते २०१४ च्या सरासरीच्या तुलनेत, उत्सर्जन फार कमी झालं तरी ०.२८ ते ०.५५ मीटर आणि फार वाढलं तर ०.६३ ते १.०१ मीटर वर असेल. अर्ध्या मीटरला वरचाच नियम लावा: २५ ते ५० मीटर मागे. आज लावलेला माड साठ-सत्तर वर्षं उभा राहतो. नवी रांग कुठे लावायची आणि नवं घर कुठे बांधायचं, या निर्णयांत हा आकडा धरायलाच हवा. म्हणून मी दोन हिशेब वेगळे ठेवतो. आज धूप का होतेय हा एक, आणि पुढच्या पन्नास वर्षांत काय कुठे असावं हा दुसरा.

जवळची कारणं कुठे शोधायची? पहिल्यांदा खाडीचं तोंड पाहा. पुळणीच्या एका टोकाला खाडी असेल तर तिचा प्रवाह सरकला की त्या टोकाची वाळू झपाट्याने जाते आणि दुसऱ्या टोकाला साचते. अशा वेळी गावात अर्धे लोक पुळण वाढली म्हणतात, अर्धे गेली म्हणतात, आणि दोघंही खरं बोलत असतात. दुसरं, खाडीतला वाळू उपसा. कोकणातल्या बऱ्याचशा पुळणी दोन सोंडांमध्ये बंदिस्त आहेत. त्यांना शेजारून वाळू फारशी मिळत नाही, मिळते ती नदी-खाडीतून, आणि ती सक्शन पंपाने वरच्यावर उचलली गेली तर पुळणीला काही येत नाही. तिसरं, गेल्या दहा-पंधरा वर्षांत जवळपास जेट्टी, लाटरोधक भिंत किंवा शेजारच्या वाडीचा बंधारा झाला का. चौथं कारण लोक सांगायला विसरतात: पुळणीच्या मागचं वाळूचं टेकाड सपाट करून पार्किंग, स्टॉल किंवा रस्ता झाला का. ते टेकाड म्हणजे वादळासाठी राखून ठेवलेली वाळू असते. ते गेलं की वादळात थेट वाडीची माती कापली जाते, आणि माती परत येत नाही.

वादळांचाही वाटा धरा. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यार, ३ जून २०२० ला निसर्ग, मे २०२१ मध्ये तौक्ते. दोन वर्षांच्या आत तीन घाव, त्यातले दोन ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, म्हणजे भरून यायला शांत महिने मिळालेच नाहीत. एका मोठ्या घावातून बंदिस्त पुळण सावरायला काही वर्षं लागू शकतात. तुमच्या दोन रांगा याच काळात गेल्या असतील आणि त्यानंतर कापलेली कड स्थिर असेल, तर आत्ता बंधारा घालणं म्हणजे होऊन गेलेल्या गोष्टीवर खर्च. कड अजूनही दरवर्षी सरकत असेल तर प्रकरण वेगळं आहे.

हे कळायला मोजमापच लागतं, आणि ते गावातले चार लोक करू शकतात. प्रत्येकी दीड मीटरच्या दोन सरळ काठ्या घ्या आणि त्यांच्यावर वरच्या टोकापासून सेंटिमीटरच्या खुणा करा. पुळणीच्या मागे, जिथे समुद्र पोचणार नाही अशा जागी, दर १०० ते १५० मीटरवर एक पक्की खूण करा. सिमेंटचा खांब चालेल, विहिरीचा कठडा किंवा देवळाचा जोता असेल तर उत्तम. ६०० मीटरला पाच रेषा पुरतात. खुणेपासून समुद्राकडे सरळ जात दर दोन मीटरवर काठ्या उभ्या धरायच्या, एक मागे, एक पुढे. मागच्या काठीपाशी उभ्या माणसाने पुढच्या काठीचं टोक क्षितिजाच्या रेषेत पाहायचं आणि ती नजर आपल्या काठीला वरून किती सेंटिमीटरवर छेदते ते वाचायचं. तेवढा त्या दोन मीटरांतला उतार. मध्येच चढ लागला तर नजर उलटी लावायची: मागच्या काठीचं टोक क्षितिजाला लावून पुढच्या काठीवर वाचायचं, आणि नोंदीत उणे चिन्ह टाकायचं. हे सगळं उधाणाच्या दिवसातल्या ओहोटीला करायचं, म्हणजे जास्तीत जास्त पुळण उघडी मिळते. हवा धुरकट असेल आणि क्षितिज दिसत नसेल तर त्या दिवशी मोजू नका.

वर्षातून चार वेळा मोजा: मेच्या शेवटी, ऑगस्टच्या शेवटी, डिसेंबरमध्ये आणि फेब्रुवारीच्या शेवटी. तुलना नेहमी त्याच महिन्याशी, फेब्रुवारीची फेब्रुवारीशी. मेची तुलना ऑगस्टशी केलीत तर पावसाळा मोजाल, धूप नाही. प्रत्येक रेषेचा आलेख कागदावर काढा आणि दोन आलेखांमधलं क्षेत्रफळ काढा. समजा पाच रेषांवर सरासरी ४ चौरस मीटर कमी झालं, तर ६०० मीटरला २,४०० घनमीटर वाळू गेली, म्हणजे साधारण ४०० डंपर. हा आकडा हातात असला की सरकारी कार्यालयात तुमचं म्हणणं ऐकून घेण्याची पद्धतच बदलते. खुणेपासून कापलेल्या कडेपर्यंतचं अंतरही टेपने मोजून ठेवा. काहीच जमलं नाही तरी एवढं एक कराच.

मागची वर्षं हवी असतील तर गूगल अर्थवरची जुनी चित्रं पाहा, पण पाण्याची रेषा मोजू नका. रत्नागिरी जिल्ह्यात उधाणाच्या भरती-ओहोटीत दोन मीटरहून जास्त फरक पडतो. पुळणीचा उतार ४० ला १ असेल तर दोन मीटरच्या फरकाने पाण्याची रेषा ८० मीटर सरकते. ओहोटीचं २०१० चं चित्र आणि भरतीचं २०२० चं चित्र शेजारी ठेवून पुळण ८० मीटर खचली असं सांगणारे अहवाल तयार होतात. झाडोऱ्याची कडा मोजा. ती भरतीबरोबर हलत नाही. चित्र कोणत्या महिन्याचं आहे तेही टिपून ठेवा.

दोन पावसाळे मोजल्यावर बहुधा तीनपैकी एक चित्र दिसतं. फेब्रुवारीचे आलेख एकमेकांवर बसतात: पुळण ठीक आहे, फक्त कड कापली गेली होती. किंवा एका टोकाला घट, दुसऱ्या टोकाला तितकीच भर: वाळू खाडीबरोबर आतल्या आत फिरतेय. किंवा पाचही रेषांवर घट आणि कड दरवर्षी मागे: वाळू बाहेर चालली आहे किंवा येणं थांबलं आहे. पहिल्या दोन परिस्थितींत दगडाला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिसऱ्यातही दगड हा शेवटचा पर्याय.

पहिल्या परिस्थितीत टेकाड परत उभं करा. त्यासाठी शांत ऋतूत, उधाणाच्या भरतीची ओली खूण आणि कापलेली कड यांच्यामध्ये किमान दहा-पंधरा मीटर कोरडी वाळू हवी. तेवढी नसेल तर कुंपण पहिल्याच उधाणात वाहून जाईल. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये माडाच्या झावळ्या किंवा बारीक काठ्यांचं एक मीटर उंच कुंपण करा. विणताना साधारण निम्मी जागा मोकळी ठेवायची. गच्च कुंपणाच्या पायाशी वारा घुमतो आणि वाळू साचण्याऐवजी उकरली जाते. एकच लांब भिंत करू नका. तीन-तीन मीटरचे तिरके तुकडे आणि मध्ये दोन-अडीच मीटर मोकळी जागा. दापोली-मंडणगड पट्ट्यात ऑलिव्ह रिडले कासवं याच महिन्यांत वर येतात, त्यांची वाट अडता कामा नये. फेब्रुवारी ते मे वायव्येचा वारा चांगला वाहतो, तेव्हा वाळू साचते. कुंपण दोन-तृतीयांश बुजलं की त्यावर नवी रांग. दीड-दोन मीटर उंच आणि तळाशी आठ-दहा मीटर रुंद टेकाड उभं राहिलं, तर दर मीटर लांबीला आठ-दहा घनमीटर वाळू वादळासाठी राखीव राहते.

त्यावर पहिली लागवड मर्यादवेलीची (वाळूवर पसरणारी वेल) आणि रावणाच्या मिशांची (वाळूवरचं काटेरी गवत). मर्यादवेलीचे तीन-चार पेरांचे, ३० ते ४० सेंटिमीटरचे तुकडे घ्या, दोन पेरं वाळूत आडवी दाबा, अंतर अर्धा ते एक मीटर. जमिनीकडच्या उतारावर जूनच्या पावसात लावा. समुद्राकडचा उतार सप्टेंबरच्या शेवटी, लाटांचा जोर ओसरल्यावर आणि पावसाची ओल असताना. त्याच्या मागे केवडा आणि निर्गुडी, आणि अगदी मागे उंडी, भेंडी, करंज. पुळणीवर जायला एक-दोनच वाटा ठेवा आणि त्या वाऱ्याच्या दिशेला आडव्या काढा. सरळ वाटेतून वारा वाळू उडवत नेतो आणि तिथेच लाट घुसते. दोन वर्षं गुरं आणि गाड्या बाहेर ठेवल्या नाहीत तर बाकी सगळं वाया.

सुरूबद्दल. वाऱ्याची झळ अडवायला वाडीच्या मागच्या हद्दीवर सुरू ठीक आहे, टेकाडाच्या समुद्राकडच्या बाजूला नको. त्याच्या सावलीत आणि काड्यांच्या थराखाली मर्यादवेल तग धरत नाही, आणि वाळू बांधून ठेवायचं काम वेल करते. सुरूची मुळं उथळ पसरतात, कड कापली गेली की झाड मुळांसकट आडवं होतं आणि वाळूचा मोठा घास घेऊन जातं. निसर्ग वादळात रायगड आणि उत्तर रत्नागिरीच्या किनाऱ्यांवर आडवी झालेली सुरूबनं सगळ्यांनी पाहिली आहेत. कासवांनाही त्या मुळांत खड्डा करता येत नाही.

कांदळवन लावा असंही तुम्हाला कोणीतरी सांगेल. कांदळ, तिवर, चिपी ही खाडीच्या चिखलाची झाडं. खाडीच्या बाजूची खारबंदिस्ती वाचवायला ती उत्तम, तिथे बांधाच्या बाहेर त्यांची रुंद पट्टी हवीच. उघड्या समुद्राच्या वाळूवर ती जगत नाहीत.

आता बंधारा. काही ठिकाणी तो घालावाच लागतो: घर, रस्ता किंवा स्मशानभूमी कडेपासून दहा-पंधरा मीटरवर आली आहे आणि मोजमाप कायमची घट दाखवतंय. पण मग तो नीट झाला पाहिजे. कोकणात बंधारे ढासळतात ते बहुतेक वेळा वरून नाही, पायातून. कारण समजून घ्या. किनाऱ्यालगत लाट किती उंच येऊ शकेल हे तिथल्या पाण्याच्या खोलीवर ठरतं. साधारण खोलीच्या ०.७८ पट. दगडाचं वजन मात्र लाटेच्या उंचीच्या घनाप्रमाणे वाढतं. बंधाऱ्याच्या पायाशी उधाणाला दोन मीटर पाणी असेल तर लाट सुमारे दीड मीटरची, आणि २ ला १ उताराच्या बंधाऱ्यावर काळ्या दगडाचा एकेक नग ६०० ते ६५० किलोचा लागतो. आता बंधाऱ्यावर आपटून परतणाऱ्या लाटांनी पायाशी एक मीटर वाळू उकरली. खोली तीन मीटर, लाट २.३ मीटर, आणि तोच दगड दोन टनांहून जड लागतो. बांधताना पुरेसा असलेला दगड, बंधाऱ्यानेच केलेल्या खड्ड्यामुळे तीन-चार वर्षांत अपुरा ठरतो. मग दगड सुटतात, दुरुस्तीची निविदा निघते, पुन्हा त्याच वजनाचे दगड टाकले जातात. रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर दगडी बंधारा वर्षानुवर्षं पावसाळ्यात ढासळत राहिला आणि शेवटी टेट्रापॉडसह (चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे) मोठं काम हाती घ्यावं लागलं.

म्हणून खोली मोजायची ती ऑगस्टमधल्या सगळ्यात खालच्या वाळूपासून, मेमधल्या भरलेल्या पुळणीवरून नाही. त्या पातळीच्याही खाली साधारण एका लाटेच्या उंचीइतका पाया न्यावा, किंवा खडक लागत असेल तर खडकावर टेकवावा. दोन्ही जमत नसेल तर पायाशी तीन-चार दगड रुंदीचा आडवा पदर टाकावा, म्हणजे खड्डा पडला तर तो पदर त्यात उतरून बसतो. मुख्य थर दोन दगड जाडीचा, त्याखाली साधारण एक-दशांश वजनाच्या दगडांचा थर, त्याखाली बारीक भर, आणि वाळू-मातीला लागून जिओटेक्स्टाइलचं गाळण कापड. हे कापड वगळलं की मागची माती दगडांच्या फटींतून निघून जाते आणि दोन पावसाळ्यांत बंधाऱ्यामागे खड्डे पडतात. बाहेरून बंधारा धडधाकट दिसतो आणि मागची जमीन खचत असते. कोकणात तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. वाडीतून उतरणारं पाणी कुठून बाहेर जाणार हे नकाशात दाखवलेलं नसेल तर तो नकाशा परत पाठवा.

चिऱ्याचा, म्हणजे जांभ्याचा बंधारा स्वस्त पडतो म्हणून सुचवतील. जांभा हलका आणि ठिसूळ. घनमीटरला दोन टन वजन धरलं तर तेवढ्याच लाटेला काळ्या दगडाच्या साडेतीन पट वजनाचा नग लागेल, आणि तोही लाटेच्या मारात कोपऱ्यांतून झिजत जाईल. गडग्याला, विहिरीला जांभा उत्तम. समुद्राच्या तोंडावर नको.

बंधाऱ्याच्या टोकांकडे कोणीच पाहत नाही. बंधारा जिथे संपतो तिथून पुढची मोकळी जमीन आधीपेक्षा जोरात कापली जाते. तुमच्या ६०० मीटरपैकी ग्रामपंचायतीने २०० मीटर बांधले तर पुढच्या वाडीचं नुकसान ओढवून घ्याल. टोकं किमान दहा-पंधरा मीटर जमिनीच्या आत वळवून न्यावीत आणि शक्य तर सोंडेच्या खडकाला टेकवावीत. जागा असेल तर सगळा बंधाराच आत, वाडीच्या कडेला घालून त्यावर वाळू ओढून मर्यादवेल लावावी. असा पुरलेला बंधारा रोजच्या लाटांना दिसत नाही, फक्त मोठ्या वादळात उघडा पडतो, आणि समोरची पुळण बरीच वर्षं टिकते. यासाठी वाडीची पाच-सहा मीटर रुंद पट्टी सोडावी लागते. नेमकं तेवढंच सोडायला कोणी तयार नसतं, म्हणून हा पर्याय मागे पडतो. मी तुमच्या जागी असतो तर यासाठीच सगळ्या वाडीवाल्यांना एकत्र बसवलं असतं.

जिओट्यूब हा काही वर्षांचा उपाय आहे, कायमचा नाही. ओडिशातल्या पेंठा इथे जिओट्यूबवर उभारलेला सुमारे ५०० मीटरचा बंधारा आहे, पण तिथे वरून दगडांचं आच्छादनही आहे. उघड्या ट्यूबचं कापड उन्हाने कमजोर होतं, होडीचा नांगर किंवा लाटेबरोबर आलेला ओंडका लागला की फाटतं, आणि एकदा फाटलं की आतली वाळू एका उधाणात रिकामी होते. कंत्राटदाराला तीन प्रश्न विचारा. भरायला वाळू कुठून आणणार? याच पुळणीवरून असेल तर तिथेच थांबा. ट्यूबखाली उकरलं जाऊ नये म्हणून समुद्राकडे किती रुंद कापड अंथरणार? आणि फाटली तर किती दिवसांत, कोणाच्या खर्चाने शिवणार?

किनाऱ्यापासून समुद्रात काटकोनात जाणारे दगडी धक्के तुमच्याकडे नकोत. ते शेजारची वाळू अडवून आपल्याकडे ठेवतात, आणि बंदिस्त पुळणीत शेजारही तुम्हीच असता. पूर्व किनाऱ्यावर, जिथे वाळू वर्षभर मोठ्या प्रमाणात एका दिशेला वाहते, तिथेसुद्धा पुदुच्चेरीला बंदराच्या लाटरोधकांनी ती अडवली आणि शहराची पुळण गेली.

बाहेरून वाळू आणून टाकणं तत्त्वतः सगळ्यात चांगलं, कारण पुळण आणि जमीन दोन्ही टिकतात. पण प्रमाण समजून घ्या. पुळण कायम २० मीटरने रुंद करायची तर फक्त वरची नाही, पाण्याखालच्या उतारापर्यंतची सगळी जाडी भरावी लागते. वर तीन मीटर आणि पाण्याखाली पाच मीटर धरले तर दर मीटर लांबीला १६० घनमीटर, ६०० मीटरला ९६,००० घनमीटर. गावाच्या आवाक्यात हे नाही. आवाक्यात आहे ते एवढंच: खाडीच्या तोंडाशी मार्ग मोकळा करायला गाळ काढला जातो, तेव्हा त्यातली स्वच्छ वाळू विकण्याऐवजी पुळणीच्या झिजलेल्या टोकाला टाकावी, अशी मागणी ठरावाने करा. तिचे कण तुमच्या वाळूइतके किंवा जाड हवेत. बारीक चिखलमिश्रित गाळ पहिल्याच पावसाळ्यात जातो.

परवानगीचं. किनारा नियमन क्षेत्राची सध्याची अधिसूचना १८ जानेवारी २०१९ ची. वाळूची टेकाडं, कासवांच्या विणीच्या जागा आणि कांदळवन तिच्यात सगळ्यात संवेदनशील वर्गात येतात. धूप रोखण्याच्या कामांना वाट आहे, पण ती महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या मंजुरीतून. बंधाऱ्याचा प्रस्ताव सहसा महाराष्ट्र सागरी मंडळ किंवा पत्तन (बंदर) अभियंत्यांकडून जातो. संकल्पनाची तपासणी खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राकडून करून घ्यावी, अशी मागणी ग्रामसभेच्या ठरावातच घाला आणि तुमचे आलेख सोबत जोडा. स्वतःच्या वाडीपुढे रात्रीतून दगड टाकणं बेकायदेशीर तर आहेच, पण सुटे दगड लाटेत गडगडून उरलेली कडही फोडतात.

पुढच्या पन्नास वर्षांचा हिशेब वेगळा ठेवायचा म्हटलं होतं. पडलेल्या माडांच्या जागी पुन्हा माड लावू नका. ती पट्टी टेकाडाला द्या आणि नवी रांग मागच्या हद्दीला लावा. घर बांधायचं असेल तर कडेपासून किमान ५० मीटर मागे, आणि त्याहून मागे जागा असेल तर आणखी मागे. नियमांची रेषा याहून मागची असू शकते, ती मंजूर नकाशावर पाहून घ्या. कडेजवळच्या विहिरीवर मोठा पंप लावू नका. वाळूत गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं, आणि गोड्या पाण्याची पातळी एक फूट उतरली की खालचं खारं पाणी सुमारे चाळीस फूट वर येऊ पाहतं. धुपीआधी विहीर खारी झाली तर वाडी तशीही जाते.

या पावसाळ्यापुरतं: पडलेला माड मुळाशी अजून वाळू धरून असेल तर तो तोडून हलवू नका. कड घराजवळ आलीच असेल तर वाळूच्या पिशव्या भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत रचा, भराव बाहेरून आणा, पुळणीवरून एक घमेलंही उचलू नका. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, विशेषतः बाहेर वादळ असताना, हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी सागरी माहिती केंद्राचे उंच लाटांचे इशारे पाहत जा. आकाश निरभ्र असतानाही दूरच्या वादळाच्या लाटा आत शिरतात.

पुढे लिहाल तेव्हा चार गोष्टी कळवा: पाच खुणांपासून कडेपर्यंतची अंतरं, मे आणि ऑगस्टचे आलेख, खाडीचं तोंड पुळणीच्या कोणत्या टोकाला आहे, आणि कडेपासून सगळ्यात जवळचं घर किती मीटरवर. शेवटचा आकडा १५ मीटरच्या आत असेल तर दोन पावसाळे थांबू नका, पहिल्या ऑगस्टच्या मोजमापानंतरच पुरलेल्या बंधाऱ्याचा प्रस्ताव सुरू करा.